पंचकाकांनी मारलेली माणसं

पंचकाकांनी सैन्यातल्या आपल्या सबंध नोकरीत शत्रूचा एकही माणूस मारला नाही. स्वतःच्या सैन्यातली मात्र हजारो मारली. तीही अगदी समोर उभं राहून, थंड डोक्याने आणि बहुतेकदा चहाच्या वेळेआधी. या कामगिरीबद्दल त्यांना वेळच्या वेळी बढत्या मिळत गेल्या आणि ते कर्नल होऊन निवृत्त झाले.

यात गूढ काही नाही. शांततेच्या दिवसांत सैन्य गंजू नये म्हणून सराव चालतात. अर्धी पलटण तांबडी होते, अर्धी निळी, आणि दोन्ही मिळून एखाद्या निरुपद्रवी टेकडीसाठी जिवावर उदार होतात. अडचण एवढीच, की पोकळ काडतुसांनी कोणी मरत नाही. सकाळच्या गारव्यात कोणी मेल्याचं कबूलच करत नाही, आणि दुपारी ऊन चढलं की सगळेच मरायला एका पायावर तयार असतात. दोन्ही वेळी न्याय करायला एक अधिकारी पंच म्हणून नेमतात. त्याच्या दंडावर पांढरी पट्टी असते. तो दोन्ही बाजूंच्या मधून रमतगमत हिंडतो, त्याच्यावर कोणी गोळी झाडायची नाही, आणि तो ज्याच्या खांद्याला छडी लावून ‘तू मेलास’ म्हणेल तो मेला. मेलेल्याने रायफल आडवी ठेवायची, जवळच्या झाडाखाली बसायचं आणि पंच पुन्हा जिवंत करेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. जखमीचं वेगळं. त्याला मत नसतं. स्ट्रेचरवाले नेतील तिकडे त्याने मुकाट जायचं.

काका या कामाला लागले ते तात्पुरते. त्यांच्या उमेदीच्या काळात खरी लढाई एकदाच झाली. पलटण निघायच्या आदल्या दिवशी हे ट्रकमधून उतरताना घसरले आणि घोटा मोडून बसले. पलटण गेली, लढली, पदकं घेऊन परत आली. काका तोवर प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून शब्दकोडी सोडवत होते. पाय सुधारेपर्यंत काहीतरी हलकं काम द्यावं म्हणून साहेबांनी त्यांच्या दंडाला पांढरी पट्टी बांधली. ती निवृत्तीच्या दिवशी सुटली. मध्यंतरी घोटा बरा झाला होता, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे आमच्या दुकानात एखादं खोचक गिऱ्हाईक कधीतरी विचारी, “कर्नलसाहेब, लढाया किती पाहिल्यात?”

“वर्षाला दोन,” काका सांगत. “एक थंडीत, एक उन्हाळ्यात.”

गिऱ्हाईक हसे. बाबा काच पुसता पुसता थांबत, एकदा काकांकडे बघत, आणि मग त्या गिऱ्हाइकाचा चष्मा काहीतरी कारण काढून आठवडाभर उशिरा देत.

दुकान बाबांचं. चष्म्यांचं. बाबा आणि काका शाळेत एका बाकावर बसत, आणि बाबांना फळा दिसत नाही हे सगळ्या शाळेत फक्त काकांना ठाऊक होतं. काकांचा डावा डोळा तसा अधू, पण उजवा गरुडाचा. त्या उजव्याने ते फळा वाचत आणि बाबांच्या कानात कुजबुजत. मात्र फुकटच्या मदतीत थोडी करमणूक असावी म्हणून मध्येच पदरचं काहीतरी घुसडत. त्यामुळे बाबांच्या वहीत उंट अंडी घालू लागला आणि दोन नद्या डोंगर चढून गेल्या. बाबांनी छड्या खाल्ल्या, पण काकांचं नाव घेतलं नाही. आणि काकांनी छड्या खाणाऱ्याला हसून घेतलं, पण त्याचं गुपित फोडलं नाही. पुढे बाबांना चष्मा लागला, त्या दिवसापासून ते ‘ढापण्या’ झाले आणि त्याच नादात चष्मेवाले.

निवृत्तीनंतर काका आमच्या दुकानामागच्या गल्लीत राहायला आले ते आपला स्वयंपाकी घेऊन. या स्वयंपाक्याला सगळे ‘दिवंगत’ म्हणतात. हा आधी जवान होता. एका सरावात काकांनी त्याला मारलं, झाडाखाली बसवलं, आणि संध्याकाळी सगळ्या मेलेल्यांना उठवताना याला नेमके विसरले. पलटण छावणीत आली, जेवली, झोपली. सकाळच्या हजेरीत एक माणूस कमी. काका जीप घेऊन टेकडीवर गेले, तर हा तसाच बसलेला.

“अरे, आला का नाहीस?”

उत्तर नाही. मग काकांच्या ध्यानात आलं की आपल्या दंडावर पट्टी नाही. त्यांनी ती खिशातून काढून बांधली, त्याच्या खांद्याला छडी लावली आणि म्हणाले, “जिवंत हो.”

“साहेब,” तो लगेच म्हणाला, “भूक लागलीय.”

एवढा नियम पाळणारा माणूस हातचा घालवायचा नाही, असं काकांनी तिथल्या तिथे ठरवलं. आईचं मत निराळं. ती म्हणते, याला शिस्त म्हणत नाहीत, आळस म्हणतात. त्याच्या हातचं जेवून बघा म्हणजे कळेल.

आमच्या घरात काकांचा दर्जा नातेवाइकाच्या वरचा होता, कारण नातेवाइकांना भांडणात घेता येत नाही. आईबाबांचं कशावरून जुंपलं की आई विचारी, “भाऊजी, पट्टी आहे ना खिशात?” ती असायचीच. काका ती बांधत, दोघांचं म्हणणं उभ्याने ऐकत, आणि हातातली छत्री छडीसारखी टेकवत.

“ढापण्या, मेलास. गॅलरीत बस.”

“अरे लेका, पण कपाट तिथे ठेवलं तर खिडकी...”

“मेलेले बोलत नाहीत.”

आणि बाबा खरोखर गॅलरीत जाऊन बसत. आईला मारण्याची चूक काकांनी एकदाच केली. तिने शांतपणे गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. पोटात कावळे ओरडू लागल्यावर काकांनी तिला घाईघाईने जिवंत केलं, तर ती म्हणाली, “थांबा जरा, आत्ता कुठे डोळा लागतोय.”

मात्र एका बाबतीत काका चेष्टा खपवून घेत नसत. पंचाने बाजू घ्यायची नाही. तांबड्यांच्या तंबूत जेवून आलेल्या एका पंचाची पट्टी त्यांनी भर मैदानात उतरवली होती. “बाजू घेतली की पंच बाद,” ते म्हणत, “मग त्याचा हुकूम कुत्रंही मानत नाही.”

गेल्या वर्षी शिंप्याने बाबांच्या नव्या शर्टाची एक बाही मनगटापर्यंत आणि दुसरी कोपराच्या जरा खाली अशी शिवून दिली. आई शर्ट घेऊन तावातावाने भांडायला गेली. शिंप्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, टेप तीच आहे, कात्री तीच आहे,” तो म्हणाला. “नवा आहे तो फक्त चष्मा. तुमच्याच दुकानातला.”

आई शर्ट घडी करून परत आली. त्या दिवसापासून ती दुकानात बसू लागली आणि तिच्या लक्षात आलं ते असं. बाबांचा यंत्रावर विश्वास नव्हता. काच बोटात धरून हात लांब करायचा, तिच्यातून दाराच्या चौकटीची उभी रेघ बघायची, काच हलवायची. रेघ किती पळते त्यावरून नंबर सांगायचा. जन्मभर तो अचूक आला. आता मात्र बाबा हात लांब करत, डोळे बारीक करत आणि चौकट आहे त्याच्या भलत्याच बाजूला बघत. डोळ्यांच्या डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजव्या डोळ्यातला लगेच काढायला हवा; आणखी थांबलात तर कडक होईल, मग शस्त्रक्रिया अवघड, आणि नजर कायमची जाऊही शकते.

“मला सगळं स्वच्छ दिसतं,” बाबा घरी येऊन म्हणाले. हे त्यांनी दाराला अडकवलेल्या रेनकोटला सांगितलं. आई टेबलाशी बसली होती.

गावभराला ज्यांनी बिनधास्त ऑपरेशन टेबलावर पाठवलं, ते स्वतः मात्र सुरी म्हटल्यावर लहान मुलासारखे हटून बसले. “डोळा म्हणजे माझं दुकान आहे. बिघडला तर काय विकू, गॉगल?” डॉक्टरने पुढच्या आठवड्यातली वेळ राखून ठेवली होती. बाबांनी त्या दिवशी दुकानाची साफसफाई ठरवून टाकली.

संध्याकाळी काका आले. हल्ली ते दुकानात शिरताना सपाट जमिनीवर पाऊल उंच उचलून टाकत. निवृत्तीनंतर माणसाला परेडची आठवण येत असावी, असं आम्ही समजत होतो.

“भाऊजी, पट्टी,” आई म्हणाली.

काकांनी खिशात हात घातला नाही. “वहिनी, हे काम पंचाचं नाही.”

“मग कोणाचं, पोलिसांचं?”

“म्हणजे... मी यात नको.”

“जन्मभर कपाटं आणि पडदे यांवर निकाल दिलेत. आज डोळ्यांचा प्रश्न आला तर नको? बांधा.”

काकांनी पट्टी बांधली, पण गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. दोन्ही बाजू ऐकल्या. मग छत्री बाबांच्या खांद्याला लावायला गेले, ती आधी हवेत टेकली, मग खांद्यावर आली.

“ढापण्या,” ते म्हणाले, “मेलास.”

आईने कपाळावर हात मारून घेतला. “अहो, जखमी म्हणायचं! जखमी! जखमीला हॉस्पिटलात नेतात!”

काकांचा चेहरा पडला. वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडातून भलताच शब्द गेला होता. “निकाल दिला, वहिनी. दिलेला बदलत नसतो.”

बाबांच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान पसरलं की एखाद्याला वाटावं, माणूस खरंच सुटला. मेलेल्याला दवाखान्यात नेत नाहीत, त्याच्याशी वाद घालता येत नाही आणि त्याला काही पटवूनही देता येत नाही. ते उठले, दुकानातल्या नंबर तपासायच्या खुर्चीत जाऊन बसले आणि मिटल्या तोंडाने मेले.

पुढचे दिवस बाबांनी मरण अगदी मन लावून केलं. सकाळी नीट दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून दुकानात यायचे आणि खुर्चीत बसायचे. बोलणं बंद, काम बंद.

“मालक आहेत का?” गिऱ्हाईक विचारी.

“आहेत,” आई म्हणे, “पण वारलेत. फ्रेम बघायची असेल तर मी दाखवते.”

बाबांनी हाताने कपाची खूण केली की ती विचारी, “मेलेल्याला चहा कशाला?” मग बाबा छातीवर हात ठेवून डोळे मिटत, आणि ती चडफडत चहा आणे. दिवंगत एकदा भाजी घेऊन जाताना आत डोकावला. जाणकार नजरेने त्याने बाबांचं बसणं न्याहाळलं.

“मालक, पाठ टेकून बसा,” तो म्हणाला. “आणि पाय पसरा. नाहीतर दुसऱ्या दिवशी मुंग्या येतात.”

रोज संध्याकाळी काका पट्टी बांधून येत आणि वाटाघाटी करत. “जिवंत करतो, पण जखमी म्हणून.” बाबा नकारार्थी मान हलवत आणि स्वतःच्या दंडाची बेटकुळी दाखवत. म्हणजे जिवंत व्हायचं तर धडधाकट म्हणून. “ते होणार नाही,” काका म्हणत. एक मेलेला, एक पंच. दोघे समोरासमोर दुकान बंद होईपर्यंत बसून राहत. ऑपरेशनची तारीख परवावर आली. आईने आता बोलणंच सोडलं होतं, आणि हे दोघांनाही तिच्या बोलण्यापेक्षा भारी जात होतं.

त्या संध्याकाळी तिने काकांसमोर काउंटरवर चहा ठेवला. काकांनी हात पुढे केला, कपाच्या चांगलं वीतभर डावीकडे बोटं मिटली, हवा पकडली, आणि आपल्याला तीच पकडायची होती अशा रुबाबात हात सरकवत कपावर आणला.

बाबा बघत होते. जिवंतपणी त्यांना आपल्या मित्राकडे बघायला फुरसत नसे. मेल्यापासून दुसरं कामच नव्हतं. धुरकट का होईना, जन्मभर माणसांचं बघणं बघितलेला डोळा तो. काकांची मान एका बाजूला कललेली होती. मान अशी कलते ती कशाने, हे बाबांना कोणी सांगायची गरज नव्हती.

मेलेला उठला. त्याने काकांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, हात लांब केला, काच दाराकडे धरली आणि हलवली. डोळे बारीक केले. पुन्हा हलवली. मग त्याने हात खाली घेतला आणि चष्मा आईपुढे धरला. बोटाने दाराची चौकट दाखवली.

बघून बघून आईलाही हे काम येऊ लागलं होतं. “उजवी बघू? अगंबाई, रेघ केवढी पळतेय. आणि डावी... डावी जागची हलतसुद्धा नाही.”

“डाव्याची काच उजवीकडे,” बाबा म्हणाले. “उजव्याची डावीकडे.”

“मेलेले बोलत...”

“गप्प बस! हा चष्मा मी केलाय ना? कधीपासून घालतोयस असा?”

“तू दिलास तेव्हापासून.”

“अरे, म्हणजे चांगल्या डोळ्यावर झापड आणि अधू डोळा उघडा! वर्षभर? तोंडाला काय झालं होतं तुझ्या?”

“सवय झाली,” काका म्हणाले. “जमीन जरा चढणीची दिसते, एवढंच. डोंगराळ भागात नोकरी झालीय माझी.”

“दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचा!”

“आणि माझ्या नाकावर दुसऱ्याचा चष्मा तुला दिसला असता म्हणजे?”

“दिसला असता तर प्रश्नच नव्हता,” आई म्हणाली.

बाबा चष्म्याच्या दांड्या उघडत-मिटत राहिले.

“म्हणजे तुला वर्षभर ठाऊक होतं,” ते म्हणाले, “की मला दिसत नाही.”

“शाळेतही ठाऊक होतं. तेव्हा तरी कोणाला सांगितलं?”

बाबा ताठ उभे राहिले. “आम्ही दोघं तुझ्यापुढे आपापली बाजू मांडत होतो, आणि तू आधीपासून माझ्या बाजूला. पंचाने बाजू घेतली. वर्षभर घेतली. उतरव पट्टी.”

आम्हाला वाटलं, काका हसतील. काकांनी गाठ सोडली, पट्टीची घडी केली आणि काउंटरवर ठेवली. पट्टीशिवाय ते अगदीच साधे दिसत होते, बँकेत रांगेत उभे असणाऱ्या गृहस्थांसारखे.

“झालं. आता पंच नाही,” ते म्हणाले. “आता ऐक. ढापण्या, मला भीती वाटते. तुझे डोळे गेले तर संध्याकाळी जायला माझ्याकडे दुसरं दुकान नाही.”

“हे आधी बोलता आलं नाही, लेका?”

“पट्टी होती ना.”

बाबांनी खणातून बारीक पेचकस काढला. फ्रेमच्या कडेला स्क्रू शोधला. तो सापडेना. पेचकस दोनदा काचेवरून घसरला, तिसऱ्यांदा अंगठ्यात शिरला. आई म्हणाली, “द्या, मी करते.” त्यांनी चष्मा तिला दिला नाही. काकांच्या नाकावर तो परत बसवला, होता तसा, उलटाच.

“याला मीच हात लावणार,” ते म्हणाले. मग आईकडे न बघता, “त्या डॉक्टरला फोन कर. येतो म्हणावं. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

ऑपरेशनच्या दिवशी काकांनी बाबांचा हात धरून त्यांना हॉस्पिटलच्या लांबलचक सपाट कॉरिडॉरमधून नेलं. काकांना जमीन चढणीची दिसत होती, म्हणून ते पाऊल उंच टाकत होते. बाबांना जमीनच दिसत नव्हती. पण मित्र पाय उचलतोय म्हणजे पायरी असणार, या भरवशावर तेही उचलत होते. असे ते दोघे निवृत्तीच्या वयाचे गृहस्थ नसलेला जिना चढत शेवटच्या दारापर्यंत गेले. एक नर्स बाजूला होऊन बघत राहिली. “दोन्ही पेशंट का?” तिने विचारलं. आईने सांगितलं, “एकच आहे. दुसरा सोबतीला आलाय.”

डोळा चांगला निघाला. डॉक्टरने परवानगी दिल्याबरोबर बाबांनी पहिलं काम काय केलं असेल, ते सांगायला नको. काचा जागच्या जागी बसवल्या, चष्मा फडक्याने पुसला आणि काकांच्या नाकावर ठेवला. काकांनी दुकानभर सावकाश नजर फिरवली.

“काय रे, इतकी धूळ?” ते म्हणाले. “आणि ढापण्या, तू म्हातारा कधी झालास?”

“तू बघत नव्हतास तेव्हा.”

एक बारीकशी गोष्ट मात्र राहून गेली. पट्टी उतरवण्याआधी काकांनी बाबांना जिवंत केलंच नव्हतं, आणि बाद झालेल्या पंचाला कोणाला जिवंत करता येत नाही. काकांनी एकदा आडून आडून पट्टी परत मागितली. आईने ती खणात कुलूपबंद ठेवली आहे आणि किल्ली कुठे ठेवली ते तिला, ती म्हणते, अजिबात आठवत नाही. त्यामुळे बाबा नियमाने अजून मेलेलेच आहेत. दुकान चालवतात, नंबर अचूक काढतात, शिंप्याचा चष्मा फुकट बदलून दिला, आणि कपाटाच्या जागेवरून बोलायला तोंड उघडलं रे उघडलं, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, “मेलेले बोलत नाहीत!”

काका तेव्हा खिडकीबाहेर बघत बसतात. दिवंगताने मात्र परवा बाबांना एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की सुरुवातीला जड जातं, पण नंतर बरं वाटतं.